मांडव पक्षाचा, पाणी पनवेलचं

२३ जुलै २०२२ रोजी भारतीय जनता पक्षाच्या प्रदेश कार्यकारिणीची बैठक पनवेलला भरली. एकनाथ शिंदे मुख्यमंत्री होऊन तेव्हा महिनाही उलटला नव्हता. तेव्हाचे प्रदेशाध्यक्ष चंद्रकांत पाटील भाषणाच्या ओघात सांगून गेले, की शिंदे यांचं नाव आपण मनावर दगड ठेवून मान्य केलं. त्या एका वाक्यावर वाहिन्यांची पुढची चर्चा चालली, पक्षाला खुलासे करावे लागले. पनवेलच्या वाट्याला काय आलं? बातमीच्या सुरुवातीला छापलेलं गावाचं नाव.

त्यानंतरच्या काळात पनवेल बदललं. १२ जानेवारी २०२४ ला अटल सेतू सुरू झाला. ८ ऑक्टोबर २०२५ ला नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन झालं आणि २५ डिसेंबरपासून विमानं उडू लागली. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग कळंबोलीत संपतो-सुरू होतो, कन्याकुमारीला जाणारा राष्ट्रीय महामार्ग पनवेलहून निघतो, कोकण रेल्वेच्या गाड्या इथे थांबतात आणि हार्बरची लोकल इथेच संपते. विधानसभेचा पनवेल मतदारसंघ मतदारसंख्येने राज्यात सर्वांत मोठ्यांपैकी एक आहे. २०२४ ला इथे सहा लाखांहून अधिक मतदार होते. अशा शहरावर पक्षांची नजर जाणारच. उद्या एखाद्या पक्षाचं राज्यव्यापी किंवा राष्ट्रीय अधिवेशन कुठे घ्यायचं हे ठरताना पनवेलचं नाव पुढे आलं, तर आपण काय म्हणायचं? हौसेने पुढे व्हायचं, की हात जोडायचे?

आमंत्रण देतं कोण?

अमेरिकेत अध्यक्षपदाचा उमेदवार ठरवणारी पक्षाची अधिवेशनं शहरं रीतसर मागून घेतात. शहराची यजमान समिती निधी उभारते, पक्षाशी लेखी करार होतो, सुरक्षेचा मोठा भाग केंद्र सरकार उचलतं. २०२४ साली अशा प्रत्येक अधिवेशनाच्या सुरक्षेसाठी तिथल्या संसदेने साडेसात कोटी डॉलर दिले. मिलवॉकी हे लोकसंख्येने पनवेल महापालिकेच्या आसपासचं शहर, पावणेसहा लाखांचं. डेमोक्रॅटिक पक्षाचं २०२० चं अधिवेशन त्याने मिळवलं. मग करोना आला, अधिवेशन पडद्यावर झालं, उमेदवार जो बायडन मिलवॉकीला गेलेही नाहीत. त्यांनी डेलावेअरमधूनच भाषण केलं. हॉटेलवाल्यांनी मांडलेली गणितं कागदावर राहिली. त्याच शहराने चार वर्षांनी रिपब्लिकन पक्षाचं अधिवेशन घेतलं. यजमानपद पक्ष बघून न देण्याची ही रीत ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

आपल्याकडे शहर काही मागत नाही. आमंत्रण देतो तो स्थानिक आमदार, जिल्हाध्यक्ष किंवा उद्या तिकीट हवं असलेला कार्यकर्ता. मराठी माणसाला यजमानपदाची रीतसर मागणी ठाऊक आहे ती साहित्य संमेलनाच्या निमित्ताने. गावोगावच्या संस्था निमंत्रणं पाठवतात, स्थळ निवड समिती येऊन मैदान, निवास, भोजन पाहते, मग निर्णय होतो आणि स्वागताध्यक्ष ठरतो. राजकीय अधिवेशनात स्वागताध्यक्ष आधी ठरतो आणि त्याच्या मागून गाव फरफटत जातं. त्याने दिलेल्या शब्दाचं बिल मात्र मैदानाला, रस्त्याला आणि पाण्याच्या टाकीला भरावं लागतं.

पनवेलमध्ये अडचण आणखी एका पायरीने वाढते. इथली नगरपालिका १८५२ ची, राज्यातल्या सर्वांत जुन्यांपैकी. १ ऑक्टोबर २०१६ ला तिची महानगरपालिका झाली. खारघर, कामोठे, कळंबोली, नवीन पनवेल हे सिडकोचे विभाग आणि २९ गावं एका छत्राखाली आली. २०१७ च्या मे महिन्यात पहिली निवडणूक झाली, ७८ पैकी ५१ जागा भाजपला मिळाल्या. त्या सभागृहाची मुदत २०२२ च्या जुलैत संपली आणि पुढची काही वर्षं प्रशासकाने कारभार पाहिला. महापालिका आली तरी शहराच्या चाव्या एका खिशात आल्या नाहीत. मोठ्या मोकळ्या जमिनी सिडकोच्या. पोलीस नवी मुंबई आयुक्तालयाचे. जिल्हाधिकारी अलिबागला. महामार्ग आणि द्रुतगती मार्ग वेगळ्या यंत्रणांचे. पाणी थोडं देहरंग धरणाचं, बाकीचं जीवन प्राधिकरण, एमआयडीसी आणि सिडकोकडून घेतलेलं. म्हणजे पनवेल महापालिकेने उद्या एखाद्या पक्षाला ‘या’ म्हटलं, तर तिच्या स्वतःच्या हातात देण्यासारखं उरतं ते झाडू, कचऱ्याच्या गाड्या आणि परवानगीचा शिक्का.

शिर्डीला सगळे का जातात

गेल्या काही वर्षांत महाराष्ट्रातल्या पक्षांनी शिर्डीची वाट धरलेली दिसते. २०२२ च्या जूनमध्ये काँग्रेसचं शिबिर तिथे झालं, २०२४ च्या जानेवारीत शरद पवार यांच्या राष्ट्रवादीचं. १२ जानेवारी २०२५ ला भाजपचं प्रदेश अधिवेशन झालं आणि त्याच महिन्यात अजित पवार यांच्या राष्ट्रवादीचंही. भक्ती हे त्याचं एक कारण झालं. दुसरं, अधिक व्यवहारी कारण म्हणजे खाटा. शिर्डीत भक्तांसाठी बांधलेली भक्तनिवासं आणि लॉज आहेत, हजारोंना जेवू घालायची सवय असलेली स्वयंपाकघरं आहेत, रेल्वे आहे, २०१७ पासून विमानतळ आहे. अधिवेशन आलं काय, गुरुपौर्णिमा आली काय, गावाला ताण नवा नाही. पक्ष निघून गेला तरी दुसऱ्या दिवशी त्याच खाटांवर भाविक झोपतात. म्हणून शिर्डीला अधिवेशनासाठी वेगळं काही बांधावं लागत नाही आणि नंतर ते रिकामं पडतही नाही.

पनवेलच्या बाजूने बोलणारे हाच हिशेब पुढे करतील. विमानतळामुळे हॉटेलं वाढतील, मंगल कार्यालयं आहेतच, खोपोली-कर्जतच्या बाजूला फार्महाउसं आहेत. मांडववाल्याला, केटररला, फुलवाल्याला, गाड्या भाड्याने देणाऱ्याला चार दिवसांचा चांगला धंदा होईल. यात खोटं काही नाही. पण अधिवेशनाच्या खर्चाची वाट कुठून कुठे जाते हेही पाहायला हवं. मोठ्या पक्षाच्या कार्यक्रमाचा मांडव, ध्वनी आणि पडद्यांचं कंत्राट बहुधा पुण्या-मुंबईच्या मोठ्या ठेकेदाराकडे जातं. नेते मुंबईतून येऊन रात्री मुंबईलाच परततात; अटल सेतूने ते आणखी सोपं केलं आहे. कार्यकर्ते बसने येतात, मांडवातच जेवतात, बसमध्ये किंवा कार्यालयाच्या सतरंजीवर झोपतात. ज्या शहरापासून मुंबई तासाभरावर आहे त्या शहरात मुक्काम कमी आणि वर्दळ जास्त. शिर्डीचा फायदा पनवेलला होईल असं धरून चालण्यात मोठी गफलत आहे.

बेळगावची विहीर, फैजपूरचा बांबू

तरीही अधिवेशनाने गावाचं काही भलं होतच नाही, असं इतिहास सांगत नाही. १९२४ च्या डिसेंबरात काँग्रेसचं अधिवेशन बेळगावला झालं. महात्मा गांधी ज्या एकाच अधिवेशनाचे अध्यक्ष झाले, ते हे. गंगाधरराव देशपांडे यांनी ते ओढून आणलं होतं. टिळकवाडीच्या माळावर ‘विजयनगर’ उभं राहिलं. एवढ्या माणसांना पाणी कुठून आणायचं हा पहिला प्रश्न होता. उत्तर म्हणून विहीर खोदली गेली. तिचा खर्च ४,३७० रुपयांच्या घरात झाल्याची नोंद सांगितली जाते. मांडव गेला, झोपड्या गेल्या, विहीर राहिली. काँग्रेस विहीर म्हणून बेळगावकर ती आजही दाखवतात. यजमान गावाने पाहुण्याकडून काय मागावं याचं याहून सोपं उदाहरण सापडायचं नाही.

बारा वर्षांनी काँग्रेस खेड्यात गेली. २७ आणि २८ डिसेंबर १९३६ ला पूर्व खानदेशातल्या फैजपूरला अधिवेशन भरलं. आजच्या जळगाव जिल्ह्यातल्या यावल तालुक्यातलं हे गाव. खेड्यात भरलेलं ते काँग्रेसचं पहिलं अधिवेशन. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू, स्वागताध्यक्ष शंकरराव देव. खिरोद्याचे धनाजी नाना चौधरी यांनी ते फैजपूरला यावं म्हणून घाम गाळला. अमळनेरचे साने गुरुजी कामाला लागले होते. शांतिनिकेतनचे नंदलाल बोस यांनी बांबू, बोरू आणि आसपासच्या वस्तूंमधून ‘टिळकनगर’ सजवलं. शहरी रंगकाम आणि परगावचा माल टाळायचा हा गांधींचा आग्रह होता. त्यामुळे खर्चाचा पैसा आसपासच्या हातांत गेला. इथेच शेतकऱ्यांच्या प्रश्नांवरचा कार्यक्रम मंजूर झाला आणि फैजपूरचं नाव कृषी कार्यक्रमाला कायमचं जोडलं गेलं. गावाच्या नावाला असं मोल तेव्हाच येतं, जेव्हा अधिवेशनात काही ठरतं. नाशिक जिल्ह्यातल्या दाभाडीचं उदाहरण घ्या. शेतकरी कामगार पक्षाने १९५० साली तिथे घेतलेली भूमिका ‘दाभाडी प्रबंध’ म्हणून ओळखली जाते. राजकारणाच्या अभ्यासकाला दाभाडी ठाऊक असते ती त्यामुळे. ज्या पक्षाचा बालेकिल्ला म्हणून रायगड आणि पनवेल कित्येक दशकं ओळखलं गेलं, त्याचा प्रबंध मालेगाव तालुक्यातल्या एका गावाच्या नावाने चालतो.

यजमानपदाने गावातलं भांडण चव्हाट्यावर येतं, हेही त्याच काळाने दाखवलं. १८९५ साली पुण्याला काँग्रेस भरली तेव्हा तिच्या मांडवात सामाजिक परिषद घ्यावी की नाही यावरून शहर दुभंगलं आणि परिषदेला वेगळा मांडव शोधावा लागला. १९०७ चं अधिवेशन नागपूरला व्हायचं होतं. अध्यक्ष कोण यावर नागपूरच्या स्वागत समितीत जहाल-मवाळ इतके भिडले, की ते सुरतेला हलवावं लागलं. तिथेही जोडा उडाला आणि अधिवेशन मोडलं. पक्षातलं भांडण गावाच्या अंगणात आलं, की गाव नुसता प्रेक्षक राहत नाही.

ज्या गावाला अधिवेशन नको होतं

आपल्या रायगड जिल्ह्यात झालेल्या परिषदांमध्ये सर्वांत मोठी कोणती, असं विचारलं तर उत्तर महाडचं आहे. तेव्हा जिल्ह्याचं नाव कुलाबा. १९ आणि २० मार्च १९२७ ला ‘कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद’ महाडला भरली. अध्यक्ष होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. रा. बा. मोरे, अनंतराव चित्रे, संभाजी गायकवाड यांनी ती उभी केली. नगरपालिकेचे अध्यक्ष सुरेंद्रनाथ टिपणीस त्यांच्या बाजूने होते. नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळं सर्वांना खुलं केल्याचा ठराव केलेला होता. प्रत्यक्षात परिषदेला आलेल्या माणसांना प्यायला पाणी मिळणं मुश्कील होतं, म्हणून ते स्पृश्यांकडून चाळीस रुपये मोजून विकत घ्यावं लागलं. तळं होतं, ठराव होता, आणि पाणी विकत. २० तारखेला परिषद तळ्यावर गेली. त्यानंतर प्रतिनिधींवर हल्ले झाले. ४ ऑगस्टला नगरपालिकेने आपला ठरावही मागे घेतला.

डिसेंबरच्या सत्याग्रह परिषदेला गावाने दार अधिकच लावून घेतलं. मैदान मिळेना, तेव्हा फत्तेखान या गृहस्थाने आपली जागा दिली. वाण्यांनी माल द्यायला नकार दिला, म्हणून धान्यधुन्य मुंबईहून आणावं लागलं. मोटारवाले नेतील याचा भरवसा नव्हता, म्हणून बाबासाहेब ‘पद्मावती’ बोटीने दासगाव बंदराला उतरले. २५ डिसेंबरला मनुस्मृतीचं दहन झालं. तळ्याचा खटला पुढे उच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १७ मार्च १९३७ ला निकाल आंबेडकरांच्या बाजूने लागला.

अधिवेशनाचं यजमानपद या विषयाला महाडचा संबंध अगदी थेट आहे. मैदान, पाणी, धान्य, वाहन या चार गोष्टी अडवून गाव कुणाचंही अधिवेशन हाणून पाडू शकतं, निदान तसा प्रयत्न करू शकतं. आज जात उघडपणे आडवी येणार नाही. परवानगी आडवी येईल, भाडं येईल, ‘मैदान दुरुस्तीसाठी बंद’ अशी पाटी येईल. सत्ताधारी पक्षासाठी अंथरलेला गालिचा विरोधकासाठी आणि ज्याच्याकडे पैसा नाही अशा संघटनेसाठी गुंडाळला जातो, हे सांगायला कुणा अभ्यासकाची गरज नाही. २०२२ च्या दसऱ्याला शिवाजी पार्कवर मेळावा कोणत्या शिवसेनेने घ्यायचा हा प्रश्न मुंबई महापालिकेने दोघांनाही नकार देऊन मिटवू पाहिला आणि शेवटी उच्च न्यायालयाने उद्धव ठाकरे यांच्या पक्षाला परवानगी दिली. एका मैदानाच्या तारखेसाठी उच्च न्यायालय लागतं, याचा अर्थ नियम पुरेसे लिहिलेले नव्हते.

१६ एप्रिल

पनवेल महापालिकेच्या हद्दीतली अलीकडची सर्वांत मोठी गर्दी राजकीय अधिवेशनाची नव्हती, सरकारी सोहळ्याची होती. १६ एप्रिल २०२३, रविवार. खारघरच्या मैदानावर अप्पासाहेब धर्माधिकारी यांना महाराष्ट्र भूषण पुरस्कार देण्यात आला. केंद्रीय गृहमंत्री अमित शहा, मुख्यमंत्री, उपमुख्यमंत्री उपस्थित होते. लाखो श्रीसदस्य, म्हणजे धर्माधिकारी यांचे अनुयायी, रात्रीपासून येऊन बसले होते. व्यासपीठावर छत होतं. समोरच्या अथांग मैदानावर नव्हतं. कार्यक्रम भर दुपारपर्यंत चालला. उष्माघाताने १४ माणसं गेली, शेकडोंवर उपचार करावे लागले. सरकारने मृतांच्या नातेवाइकांना पाच लाख रुपयांची मदत जाहीर केली, एकसदस्यीय चौकशी समिती नेमली आणि उन्हाळाभर दुपारी १२ ते ५ या वेळेत उघड्यावर सरकारी कार्यक्रम न घेण्याचं ठरवलं.

त्या मैदानावर शिस्त कमी होती असं कुणी म्हणणार नाही. श्रीसदस्यांइतका शिस्तीचा समुदाय महाराष्ट्रात क्वचित. साधनांचीही वाण नव्हती, खुद्द राज्य सरकार यजमान होतं. चुकली ती वेळ, ऋतू आणि सावली. काँग्रेसची जुनी अधिवेशनं डिसेंबरात का भरत याचं एक साधं उत्तर त्यात आहे: थंडी आणि नाताळची सुट्टी. कोकणातला एप्रिल दमट असतो. तापमापी पस्तीस-छत्तीस दाखवते तेव्हा अंगाला त्याहून जास्त भाजतं. त्याच सुमारास देहरंग धरणाचा तळ दिसू लागतो आणि जुन्या पनवेलमध्ये पाणी दिवसाआड येतं. ज्या महिन्यात शहर स्वतः तहानलेलं असतं, त्या महिन्यात त्याने पाहुणे बोलावू नयेत. ते पाहुणे सरकारचे असोत की पक्षाचे.

अटी आधी, आमंत्रण मागून

मग पनवेलने करावं काय? गर्दी कशी जमवायची हे इथल्या माणसाला कुणी शिकवायला नको. जासईला १९८४ च्या जानेवारीत गोळ्या झेलून या पट्ट्याने सिडकोला जमिनी दिलेल्यांसाठीची साडेबारा टक्क्यांची योजना मिळवली. २४ जून २०२१ ला विमानतळाला दि. बा. पाटील यांचं नाव द्यावं म्हणून हजारो माणसं सिडकोच्या दारात बेलापूरला जमली. दि. बा. पनवेलचे नगराध्यक्ष होते, आमदार होते. त्यांच्या शहराने पक्षांसमोर पायघड्या घालत उभं राहणं शोभणारं नाही. शोभेल ते एवढंच, की महापालिकेने सिडको आणि पोलीस आयुक्तालयाला एका टेबलाशी बसवून यजमानाच्या अटी लिहून काढाव्यात आणि त्या सर्वांना सारख्या लावाव्यात.

मोठ्या सभेसाठी एक मैदान कायमचं नेमावं. त्याचं भाडं, अनामत रक्कम आणि मोकळ्या तारखा महापालिकेच्या फलकावर सर्वांना दिसाव्यात. जो आधी मागेल त्याला मैदान, मग त्याचा झेंडा कोणताही असो. मोठी अधिवेशनं नोव्हेंबर ते फेब्रुवारी एवढ्याच काळात. समोर बसणाऱ्या प्रत्येकाच्या डोक्यावर छत नसेल, तर परवानगी नाही. पाणी शहराच्या वाट्यातून जाणार नाही. पक्षाने टँकरचा उगम लेखी दाखवावा. फ्लेक्स आणि कमानींसाठी १९९५ चा विद्रूपीकरण प्रतिबंधक कायदा आहे आणि उच्च न्यायालयाचे आदेश आहेत. ते पाहुण्यालाही लागू. कचरा उचलून मैदान पूर्ववत होईपर्यंत अनामत परत नाही. बंदोबस्ताचा, रस्ते बंद ठेवण्याचा खर्च कुणाच्या खाती गेला हे अधिवेशनानंतर महिनाभरात जाहीर करावं.

आणखी दोन अटी, पैशापलीकडच्या. एक बेळगावची: जो पक्ष इथे मोठं अधिवेशन घेईल, त्याने शहराला उपयोगी काहीतरी पक्कं बांधून ठेवून जावं. मैदानावरची स्वच्छतागृहं असोत, पावसाचं पाणी साठवायची टाकी असो, शंभर झाडांची सावली असो; त्याच्यावर पुढाऱ्याचं नाव नको. दुसरी महाडची: त्याच मैदानाची किंवा वासुदेव बळवंत फडके नाट्यगृहाची काही दिवसांची तारीख दरवर्षी नाममात्र भाड्याने अशा संघटनांसाठी राखून ठेवावी, ज्यांना मोठं भाडं परवडत नाही. प्रकल्पग्रस्त, घरकामगार, मच्छीमार, आदिवासी वाड्यांवरची माणसं यांनाही परिषद घ्यायचा हक्क आहे, आणि जिल्ह्याचा इतिहास सांगतो की महत्त्वाची परिषद बहुतेकदा त्यांचीच असते.

या अटी मान्य असतील त्या पक्षाने खुशाल यावं. न मागताही येईल. मान्य नसतील, तर दुसरं गाव शोधावं, शिर्डीचा रस्ता खुला आहे. पनवेलने अधिवेशनासाठी कुणाकडे अर्ज करू नये. जानेवारी २०२६ ला निवडून आलेल्या सभागृहाने मात्र एक काम लगेच हाती घ्यावं: येत्या उन्हाळ्याच्या आत हे नियम ठरावाच्या रूपात मंजूर करावेत. आणि महाडच्या नगरपालिकेसारखा तो ठराव पुढे मागे घेतला जाऊ नये, यावर आपण, पनवेलकरांनी, लक्ष ठेवावं.